फ्योक्लाचा शब्द

येरेमेयने बायकोच्या लाकडी बाहुलीपुढे चहा ठेवला. त्याच्या खांती लोकांत माणूस गेलं की त्याची अशी बाहुली करतात आणि घरातलंच माणूस समजून तिला जेवू घालतात. सायबेरियातल्या त्या खेड्यात शहरातून आलेल्या त्याच्या लेकीने, ताइस्याने, या बाहुलीत समोरचं पाहून आईच्या आवाजात बोलणारं यंत्र बसवून दिलं होतं.

"आता आईच बोलेल, बाबा," ती म्हणाली.

"चहा घे, फ्योक्ला," येरेमेय खांतीत म्हणाला.

"मला समजलं नाही," फ्योक्लाचा आवाज रशियनमध्ये म्हणाला.

यंत्र शिकलं होतं ते आईने लेकीला केलेल्या फोनांवरून, आणि लेकीशी ती रशियनच बोलायची. खांती बोलायची ती फक्त नवऱ्याशी. ते कुणी जपून ठेवलं नव्हतं.

लेक परत गेली आणि म्हातारा हिवाळाभर बाहुलीला शिकवत बसला. बर्फ, रेनडिअर, घर. नदी वाहू लागल्यावर एका सकाळी त्याने तिच्यापुढे मासा ठेवला, तशी ती आपणहून खांतीत म्हणाली, "मासा छान झालाय."

येरेमेयचे डोळे भरून आले. मग त्याच्या लक्षात आलं की ती त्याच्यासारखं 'खुल' म्हणाली. फ्योक्ला दूरच्या वाख नदीकाठची. माशाला ती जन्मभर 'कुल'च म्हणत आली.

"माझं चुकलं का?" बाहुलीने विचारलं.

"नाही गं."

तिचा शब्द तिला परत द्यावा म्हणून तो हळूच 'कुल' म्हणाला. पण आजवर त्याने तो शब्द तिला चिडवायलाच उच्चारला होता, आणि आताही तो तसाच निघाला.