तयार कान

जॉर्डनमधल्या निर्वासितांच्या छावणीत बसून मैसून यंत्राला बोली ओळखायला शिकवत होती. हेडफोनमधला माणूस खरंच तिच्या सीरियातल्या अलेप्पो शहराचा की तोतया, हे ती दोन वाक्यांत सांगायची.

"खोटारडा मेला! जॉर्डनी हेल काढतोय," म्हणत तिनं लाल फुली मारली.

"आपल्यासारखी बारा वर्षं इथं काढली की हेल बदलतोच गं. जाऊ दे ना," शेजारची उम्म कासिम म्हणाली.

"आईच्या दुधाबरोबर आलेली बोली बदलते होय?"

वर्षभरानं परदेशी आसरा मागायला मैसून स्वतः वकिलातीत त्याच यंत्रापुढं बोलली. लाल फुली उमटली.

"अहो साहेब, मी अलेप्पोचीच आहे!"

"बाई, अलेप्पोच्या खऱ्याखुऱ्या बाईनं शिकवलंय त्याला," साहेब म्हणाला. "फार तयार कान होता म्हणे तिचा."