उजवा मागचा कोपरा

जीपच्या चेसिसला अकरा भोकं होती. अकराही उजव्या मागच्या कोपऱ्यात, स्प्रिंगचे पाटे चेसिसला अडकतात त्याच जागी. सर्वांत मोठ्या भोकातून अंगठा आरपार जात होता. उरलेल्या तीन कोपऱ्यांत एकही भोक नव्हतं.

"झालं मोजून?" जीपची मालकीण बातमा आपाने विचारलं. "आता त्यात नाक घालून बघ. मावेल."

एसेन्गुल जीपखालून सरकत बाहेर आला. आत-बाशी गावच्या जनावरांच्या बाजाराला लागून त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्याच्याहून वयाने मोठी असलेली ही जीप पाच वर्षांत तिसऱ्यांदा त्याच्याकडे आली होती. दर वेळी याच कोपऱ्यासाठी.

"आपा, मी तीन मिलिमीटरचा पत्रा लावला होता."

"डब्याचा लावलास, डब्याचा! माझा थोरला घाटात कसा गेला हे विसरलास? जीप दुसरी होती, पण चाक हेच. उजवं मागचं. निखळलं आणि तो दरीत गेला. आता धाकट्याची पाळी आणतोस?"

धाकटा, मेदेर, बॅटरीच्या तारा सोडवत होता. उद्या त्याला तंबूचं सामान घेऊन तोच घाट चढून कुरणावर जायचं होतं आणि मग उन्हाळाभर आठवड्याला दोनदा खाली-वर करायचं होतं.

"आई, हळू. सगळा बाजार ऐकतोय."

"ऐकू दे. त्यासाठीच ओरडतेय."

मेंढ्यांचे सौदे सोडून चार-पाच जण खरंच कुंपणाशी येऊन उभे होते. त्यांतला एक म्हणाला, "उस्ता, माझी गाडीपण तूच जोडलीस रे. मी चालतच जाऊ का घरी?"

हशा पिकला. एसेन्गुलचे कान तापले.

बातमा आपाने बरणीतून वाडगंभर आयरान, म्हणजे खारं ताक, ओतलं आणि त्याच्यापुढे आदळलं. कामाच्या माणसाला पांढरं, म्हणजे दूध-ताक, पाजल्याशिवाय ती भांडतही नसे. "घे, ढोस. नाहीतर म्हणशील, म्हातारीने उपाशी राबवलं."

त्याने एका दमात वाडगं रिकामं केलं. आयरान थंड होतं, दाट, आंबट-खारट. मग तो आत गेला आणि खिळ्याला टांगलेला एक तुकडा काढून आणला. प्रत्येक कामाचा उरलेला तुकडा तो तारीख लिहून ठेवत असे.

"दोन वर्षांपूर्वीचा. याच पत्र्यातून तुमची पट्टी कापली." त्याने कॅलिपर लावला. "तीन. बघ, मेदेर. आणि ही तुझ्या गाडीवरची."

गाडीवरच्या पट्टीची जाडी भोकांच्या कडेला शून्य पूर्णांक नऊ भरली.

"म्हणजे लोखंड मी नाही खाल्लं," एसेन्गुल म्हणाला. "तुम्ही काय वाहून नेता यातून? मेंढ्यांचं मीठ?"

"मिठाचे दगड लॉरीने जातात," मेदेर म्हणाला.

"मेंढ्या मागे चढवतोस?"

"चढवतो. पण त्या काय एकाच कोपऱ्यात मुततात?"

"रस्त्यावरचं मीठ म्हणावं, तर चारही कोपरे सडायला हवेत. डावा मी आत्ताच मोजला. कारखान्यातला जुना पत्रा, अजून अडीच मिलिमीटर आहे."

"बघितलंत?" बातमा आपा कुंपणाकडे वळली. "डावा कोपरा सरकारने केला, तो शाबूत. उजवा या दिवट्याने केला, तो सडला! अजून काय पुरावा हवा?"

एसेन्गुलने रागाने चष्मा चढवला आणि ग्राइंडर सुरू केला.

या वेळी त्याने हात आखडला नाही. गंजलेला भाग पार चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापला. पुठ्ठ्याचा नमुना करून चार मिलिमीटरचा पत्रा बेतला. आधी आठ टाके मारले, मग पत्रा वाकू नये म्हणून आलटून पालटून बोटभर लांबीची वेल्डिंग. प्रत्येक सांध्यावर हातोडा मारून आवाज ऐकला. शेवटी लाल रंगाचे दोन हात. पाच तास गेले. उरलेला चकचकीत तुकडा त्याने सवयीने तारीख घालायला उजव्या मागच्या चाकाजवळ ठेवला.

बातमा आपा तोवर हलली नव्हती. तिने शालीखालून नान काढला. "हात ठेव. भाकरीवर हात ठेवून बोल."

कुंपणाशी कुणी हसलं नाही.

एसेन्गुलने नानवर तळवा टेकवला. "हा जोड सुटला, तर या बाजारात पुन्हा वेल्डिंगचा रॉड हातात धरणार नाही."

"सगळ्यांनी ऐकलं," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मला तरी कुठे हौस आहे रे भांडायची. एकच उरलाय."

मेदेरने इंजिन सुरू केलं. आपा बरणी घेऊन मागे गेली. उजव्या मागच्या चाकाशी वाकली, हात पार आत घातला आणि उरलेलं आयरान नव्या सांध्यावर ओतू लागली. ओठ पुटपुटत होते. शेवटचा थेंब झटकून ती उठली.

"हे काय, आपा?" एसेन्गुलने विचारलं.

"रक्षण. थोरला ज्या कोपऱ्यामुळे गेला, त्या कोपऱ्याला पांढरं दाखवते. हा निघाला की दर खेपेला. तो गेल्यापासून आठ वर्षांत एकदाही चुकले नाही. तुझ्या डब्याच्या पत्र्यावर कोण भरवसा ठेवणार?"

ती मेदेरशेजारी चढून बसली. जीप धुरळा उडवत निघून गेली.

तासाभराने एसेन्गुलने जमिनीवरून चकचकीत तुकडा उचलला. त्यावर आयरानचे थेंब उडून वाळले होते. तेवीस थेंब. त्याने नखाने ते एकेक करून खरवडले. प्रत्येकाखाली तांबूस ठिपका होता. तेवीस ठिपके.