शेवटच्या थंडीचा कोट

मुरलीधर मास्तरांनी कपाटातलं सगळ्यात जाड लोकरीचं कापड काढून टेबलावर पसरलं. "हात लावून बघा, ताई. आतून रजईसारखं अस्तर घालतो. पोरीला वारासुद्धा लागणार नाही."

निफाडातल्या शिंप्यांना सध्या मान वर करायला उसंत नव्हती. हवामानाच्या यंत्राचा अंदाज आजवर एकदाही चुकला नव्हता, आणि त्याने सांगून टाकलं होतं की येत्या मंगळवारची पहाट ही इथली शेवटची थंडी. त्यानंतर कधीच नाही. त्या एका पहाटेसाठी गावात जो तो कोट शिवून घेत होता.

सुनेत्राबाईंनी लोकर बाजूला सारली. "सगळ्यात हलकं कापड दाखवा, मास्तर. आणि अस्तर नकोच."

"अहो, काकडेल की पोर!"

"काकडू दे," त्या म्हणाल्या. "थंडी वाजते म्हणजे काय होतं, ते तिला एकदा तरी कळू दे. पुन्हा कुठून आणून दाखवू?"

मास्तरांनी लोकर घडी करून ठेवली आणि एक हलकं सुती कापड काढलं. सहा वर्षांची कनक खांदे ताठ करून उभी राहिली. त्यांनी तिची मापं घेतली, कापडावर खडूने रेघा ओढल्या आणि हयातभराच्या सवयीने म्हणाले, "वाढतं अंग आहे. शिवणीत दोन बोटं जास्त सोडतो. म्हणजे पुढच्या वर्षी जरा उसवलं की..."

सुनेत्राबाई त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

"पुढच्या वर्षी काय, आजोबा?" कनकने विचारलं.

मास्तरांनी कात्री उचलली आणि शिवणीपुरतं ठेवून बाकीचं कापड कापून टाकलं.