एका गोळीची बंदूक

"पुढं बांध हाय. पाय उचला," राजूबाई म्हणाली आणि तिनं नवऱ्याचा हात धरला. अंकुशरावांनी मुकाट्यानं पाय उचलला. पलीकडच्या बांधावर मडकं ठेवलेलं होतं. अलीकडं त्यांचा पोरगा धनराज बंदूक घेऊन उभा होता. बंदूक आता त्याची होती. परवान्यावर त्याचं नाव लागून आठवडाही झाला नव्हता.

शिकारीची रायफल, जुन्या घडणीची. अंकुशरावांच्या आज्यानं निजामाच्या राज्यात घेतलेली. तिच्यात एका वेळी एकच गोळी बसायची. ती चुकली की नळी उघडा, रिकामं काडतूस काढा, दुसरं भरा. तोवर डुक्कर ज्वारी तुडवून दुसऱ्याच्या रानात पसार. म्हणून अंकुशराव चुकतच नसत. कमठाण्याच्या शिवारात त्यांचा सगळा मान त्या एका गोळीवर उभा होता, आणि तो त्यांच्या डोक्यात चांगलाच चढलेला होता. बंदुकीला ते कुणाचा हात लागू देत नसत. फक्त खंडेनवमीला ती राजूबाईच्या ताब्यात जायची. ती तिला पुसायची, हळदकुंकू वाहून पाटावर ठेवायची. मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत खुद्द अंकुशरावही तिला शिवत नसत.

गेल्या श्रावणात धनराजनं ती मागितली. जवळच कोळारला गुढीपाडव्यापासून नवं गोदाम सुरू होणार होतं. तिथं पहाऱ्याला माणूस हवा होता, पण बंदूक आणि परवाना ज्याचा त्याचा. नवा परवाना मिळता मिळत नाही. बापाचा मात्र पोराच्या नावावर करता येतो. नाहीतर धनराज कामासाठी हैदराबादला जाणार होता. तिकडं गेलेली शेजारपाजारची पोरं सणालासुद्धा धड येत नव्हती. राजूबाईनं नवऱ्यापुढं पदर पसरला.

"मी डोळे मिटल्यावर घे म्हणावं," अंकुशराव म्हणाले. राजूबाईनं पुन्हा तो विषय काढला नाही.

दसऱ्यानंतर अंकुशरावांची पहिली गोळी चुकली. मग दुसरीही चुकली. मग चुकायचीच रीत पडली. बीदरच्या डॉक्टरनं तपासून डोळे ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं, तर यांनी डॉक्टरलाच वेड्यात काढलं. आज्याच्या बंदुकीत खोट असेल हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. बंदुकीवर संशय घेण्यापेक्षा आंधळं होणं त्यांना सोपं गेलं. आणि माणसानं एकदा आंधळं व्हायचं ठरवलं की त्याला अडवणार कोण? त्यांनी मोटारसायकल सोडली. अंधार पडल्यावर घराबाहेर जाणं सोडलं. मग भरदिवसासुद्धा बायकोच्या हाताशिवाय पाऊल टाकीनात. एका दुपारी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ते पोरासारखे रडले.

"डोळे गेले गं माझे."

"जाऊ द्या. मी हाय की," राजूबाई म्हणाली आणि पदरानं त्यांचे डोळे पुसले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बीदरला जाऊन परवाना पोराच्या नावावर करून देण्यासाठी सही केली.

आता धनराजनं बंदूक खांद्याला लावली. या घराची एक रीत होती. नवा मालक पहिली गोळी सोडताना जुन्या मालकानं विचारायचं आणि नव्यानं खरं सांगायचं. बंदूक खांद्याला असताना जो खोटं बोलतो त्याच्या हातून आपलंच माणूस मरतं, असं आजा सांगायचा. घरात कुणी ही रीत कधी मोडली नव्हती.

"माशी कुठं हाय?" अंकुशरावांनी विचारलं. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा बारीक दाणा. तो निशाणावर बसवायचा आणि घोडा दाबायचा, एवढाच नेमाचा खेळ.

धनराजनं बंदुकीच्या दस्त्याला गाल टेकवला.

"सांग की रे."

"मडक्याच्या डावीकडं, अप्पा. वीतभर."

शेजारच्या रानातले हावगेप्पा मुद्दाम बघायला आले होते. ते खो खो हसले. अंकुशरावांनाही हसू आलं. "डावीकडं कामून धरलास? मडक्यावर धर की!"

धनराजनं नळी हलवली नाही. घोडा दाबला. मडकं फुटलं.

"शाब्बास रे वाघा!" हावगेप्पा ओरडले.

अंकुशराव बांधाकडं बघत राहिले. मडक्याच्या खापऱ्या मातीत विखुरल्या होत्या आणि त्यांना त्यातली एकेक खापरी दिसत होती. काळी बाजू, लाल बाजू, सगळं लख्ख. डोळ्यांना काही झालेलंच नव्हतं. बंदूकच वीतभर उजवीकडं मारत होती. आणि जन्मात ती खांद्याला न लावलेल्या पोराला ते ठाऊक होतं! सहा महिने ते स्वतःला आंधळे समजून जगले होते. पोटच्या पोरानं केसानं गळा कापला होता.

धनराज बंदूक खाली घेऊ लागला.

"थांब. खांद्यालाच राहू दे," अंकुशराव म्हणाले. "आता सांग. माशी तूच सरकवलास न्हवं?"

"न्हाई, अप्पा. मला आज सकाळी कळालं."

"मग कोण सरकवलं?"

धनराजनं दस्त्यावरचा गाल उचलला नाही. त्याच्या डोळ्यांतलं पाणी लाकडावर उतरलं. राजूबाईची बोटं अंकुशरावांच्या हाताभोवती आणखी आवळली.

"आईनं," तो म्हणाला. "खंडेनवमीला."