परत वाचलेलं कुटुंब

नवा प्रोग्रॅम तपासायला एका प्रोग्रॅमर बाईने गंमत म्हणून आपलंच कुटुंब फाइलमध्ये साठवलं. ती, नवरा आणि दोन मुली. फाइल परत वाचली, तर मुली तीन.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसला. "आपण वापरतो त्या तयार कोडच्या लायब्ररीतलाच जुना घोळ आहे तो. ठेवलं तसंच परत मिळेल, याचा भरवसा नाही."

त्याने तीच फाइल आपल्या मशीनवर वाचली, तर मुली दोनच आल्या. तिच्या मशीनवर पुन्हा तीन.

दुपारी तिने घरी फोन लावला.

"पोरी जेवल्या का रे?"

"दोघी जेवून झोपल्यासुद्धा," नवरा म्हणाला. "धाकटी तेवढी ऐकत नाहीये. तूच समजाव तिला."

मग फोनवर एक अनोळखी, लाडिक आवाज आला.

"आई, माझं नाव ठेवायला विसरलीस ना गं?"