दशरथचं चढतं क्रियापद

सिल्व्हर पार्कमधल्या दशरथचं एक क्रियापद मुलीच्या इयत्तेबरोबर चढत गेलं. मिनल पाचवीत होती तेव्हा तो सांगे, "अभ्यास केला नाही की आमचे बाबा मारायचे." आठवीत त्याचं 'बदडायचे' झालं आणि यंदा दहावीला थेट 'तुडवायचे'.

गणपती आटोपून त्याचे वडील, बाबाजी, रत्नागिरीहून राहायला आले. पहिल्याच जेवणाला मिनलने विचारलं, "आजोबा, तुम्ही पप्पांना खरंच तुडवायचात?"

दशरथचा घास हातातच राहिला.



ज्या पोरावर कधी हात उगारला नाही, उलट रोज खांद्यावर बसवून शाळेत पोचवलं, त्याच्या तोंडाकडे बाबाजींनी एकदा पाहिलं. "तुडवायचो तर," ते म्हणाले. "तुझ्या पप्पांची कंबर काय उगाच दुखते?"