दोनदा टकटक

मास्तरीणबाईंची जुनी गाडी सकाळपासून रुसून बसली होती. चावी फिरवली की सेल्फ घुरघुरायचा, पण इंजिन काही सुरू होईना. मिस्त्रीने प्लग काढून पाहिला, तर ठिणगीच नाही. शेवटी प्लगना वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला केसाएवढी चीर सापडली.

नवी टोपी बसवून तो म्हणाला, "हं बाई, मारा सेल्फ." आणि बोलता बोलता, खाली पडलेला स्क्रू उचलायला त्याने पंख्यामागे हात घातला.

बॉनेटच्या पत्र्यावर दोनदा टकटक झाली. त्याने झटकन हात मागे घेतला, तोच पंखा गरगरला आणि इंजिन सुरू झालं.

"फार उपकार झाले, बाई," तो बोटं चाचपत म्हणाला. "टकटक केलीत म्हणून बोटं वाचली. आमचे उस्ताद अस्संच करायचे. दोनदा टकटक, म्हणजे हात काढ."

"अहो, मला वाटलं तुम्हीच वाजवताय."

उस्तादांना जाऊन वर्ष झालं होतं. मिस्त्रीचे डोळे भरून आले. इंजिन बंद करायला लावून त्याने बॉनेट लावलं, त्यावर तळहात ठेवला आणि पुटपुटला, "अजून लक्ष आहे म्हणायचं तुमचं."

त्याच्या तळहाताखाली, बंद बॉनेटच्या आतून, दोनदा टकटक झाली.